दुसऱ्यांच्या तबकड्या

'डीजे' हा शब्द ऐकतांच महाराष्ट्रांतील सुशिक्षित गृहस्थ प्रथम खिडक्या लावून घेतो, आणि त्याला दोष देतां येत नाहीं. आपल्याकडे हा शब्द माणसाचा वाचक राहिलेलाच नाहीं. मालमोटारीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीचा तो वाचक झाला आहे. मिरवणुकींत 'डीजे आला' असें कोणी म्हणतो तेव्हां कोणी कलावंत आला असा त्याचा अर्थ नसतो. यापुढें अर्धा तास घरांत एकमेकांचें बोलणें ऐकूं येणार नाहीं, एवढाच असतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा घालून दिली आहे. उत्सवाच्या दिवसांत ती कोणत्या चौकांत पाळली जाते याचा शोध दिवा घेऊनच करावा लागेल. त्या भिंतीविरुद्ध जो कोणी अर्ज करील त्याच्या अर्जावर सही करण्यास मी आनंदानें तयार आहें. परंतु भिंतीवरचा राग माणसावर काढणें न्यायाचें नाहीं. 'डिस्क जॉकी' म्हणजे तबकडीवरचा स्वार. घोडा त्याचा नसतो, शर्यतीचें मैदानहि त्याचें नसतें. तरी घोडा केव्हां आवरावा आणि केव्हां मोकळा सोडावा हें त्यालाच कळावें लागतें. त्या माणसाची बाजू येथें मांडावयाची आहे.

वाद मात्र मिरवणुकींत नाचणाऱ्याशीं नाहीं. तो आहे आपल्याच पंक्तींतील रसिकाशीं. जो मैफलींना जातो, घरीं जुन्या ध्वनिमुद्रिका जपून ठेवतो आणि विलंबितांतल्या एका स्वरासाठीं रात्र जागवितो त्याच्याशीं. या रसिकाचें म्हणणें असें कीं, डीजे जें वाजवितो त्यांत त्याचें स्वतःचें कांहींच नसतें, सगळ्या तबकड्या दुसऱ्यांच्या. शिवाय तें संगीत म्हणजे एकच ठोका रात्रभर. आणि त्यांतहि हार्ड ट्रान्स, फ्रीफॉर्म असल्या, जगांत मूठभर लोकांस ठाऊक असलेल्या शाखांचा वर्षानुवर्षें पाठपुरावा करणें हा तर निव्वळ छंदिष्टपणा. मीं स्वतः हा पाठपुरावा वीस वर्षें केला आहे. इंग्लंडांत नोकरी करीत असतांना शनिवारच्या रात्रीं लहानसहान क्लबांतून तबकड्या लावल्या आहेत, आणि कित्येकदां ऐकणाऱ्यांपेक्षां तबकड्यांची संख्या अधिक असे. तेव्हां उत्तर देण्याइतका अधिकार मला असावा.

'ट्रान्स' म्हटलें कीं मराठी वाचकाला हणजूण आणि वागातोर येथील किनारे आठवतात. गोव्याची ती शाखा वेगळी. तिच्याविषयीं पुढें एक गोष्ट सांगावयाचीच आहे. हार्ड ट्रान्स जन्मलें तें १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, जर्मनी आणि बेल्जियम येथें. फ्रँकफुर्टच्या परिसरांत हार्टहाउस या लेबलानें १९९२ सालीं हार्डफ्लोअर या जोडीची 'अ‍ॅक्सपीरियन्स १' ही तबकडी काढली. त्याच वर्षीं अँटवर्प येथें बोन्झाय हें लेबल सुरू झालें आणि पुढच्या वर्षीं त्यावर जोन्स अँड स्टीफन्सन यांची 'द फर्स्ट रीबर्थ' निघाली. हार्डफ्लोअरच्या तबकडीचा सगळा जीव ज्या यंत्रांत आहे तें रोलंड कंपनीचें टीबी-३०३. तें १९८१ सालीं बाजारांत आलें तेव्हां एकट्यादुकट्या गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी एवढाच त्याचा हेतु होता. त्या कामांत तें इतकें नापास झालें कीं तीनेक वर्षांत कंपनीनें तें बंद केलें. मग जुन्या बाजारांत पडलेलीं तीं यंत्रें तरुणांनीं स्वस्तांत उचललीं, त्यांच्या खुंट्या नको तितक्या पिळल्या, आणि त्यांतून एक चिरकणारा, ओला, वळवळणारा आवाज काढला. यंत्रानें माणसाला गुलाम केल्याचीं व्याख्यानें आपण पुष्कळ ऐकतों; येथें माणसांनीं यंत्राला त्याच्या मालकाच्या इच्छेविरुद्ध गावयास लावलें.

हार्ड ट्रान्सची लय मिनिटास साधारण १४० ते १५५ ठोक्यांची. खालीं सरळ चार मात्रांचा ठोका, दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळींत उचलणारा खर्ज, आणि वर हळूहळू चढत जाणारी एक स्वरावली. पांच-सहा मिनिटें ही इमारत चढते. मग ठोका एकदम नाहींसा होतो; याला ब्रेकडाउन म्हणतात. उरते ती फक्त स्वरावली, उघडी, अधांतरीं, आणि हजार माणसें पाय थांबवून वर पाहत उभीं राहतात. हा विराम मिनिटभर, कधीं दोन मिनिटेंहि टिकतो. ठोका परत येणार हें प्रत्येकाला ठाऊक असतें, आणि तरीहि तो येतो तेव्हां अंगावर काटा येतो. ज्यानें सम येण्यापूर्वींचा तो क्षणभराचा ताण मैफलींत अनुभवला आहे त्याला हा आनंद सर्वस्वीं परका आहे असें मला वाटत नाहीं.

इंग्लंडांत या संगीतानें मूळ धरलें तें लंडनच्या टर्नमिल्समध्यें भरणाऱ्या 'ट्रेड' या रात्रीमुळें. ती १९९० सालीं सुरू झाली. इतर ठिकाणें बंद होत तेव्हां, रविवारच्या पहाटे, तिचे दरवाजे उघडत. टोनी डि विट हा तेथला प्रमुख डीजे. १९९८ च्या जुलैमध्यें तो वयाच्या चाळिसाव्या वर्षीं वारला, आणि टर्नमिल्सहि २००८ सालीं बंद झालें. फ्रीफॉर्मची वंशावळ याहून आडवळणाची. इंग्लंडांतील हॅपी हार्डकोअर हें अतिजलद, खेळकर, पियानो आणि बायकांच्या उंच आवाजांनीं भरलेलें संगीत. १९९६ सालीं निघालेल्या 'बाँकर्स' या संग्रहाच्या पहिल्या भागांत हिक्सी आणि शार्की या दोघांनीं त्याचा साचा घराघरांत पोंचविला. पण शार्कीला आणि केव्हिन एनर्जीसारख्या कांहीं मंडळींना त्या साच्याचा लौकरच कंटाळा आला. त्यांनीं लय तीच ठेविली, म्हणजे मिनिटास १६५ ते १८०, परंतु आंतील मिठाई काढून टाकून तेथें हार्ड ट्रान्सच्या स्वरावली, ३०३ चा तो चिरका आवाज आणि एक प्रकारची काळोखी गंभीरता भरली. ठराविक बांधा नको, म्हणून नांव फ्रीफॉर्म. केव्हिन एनर्जीचें 'न्यू एनर्जी' हें लेबल इंग्लंडांत त्याचें घर झालें. आणि आश्चर्य असें कीं दुसरें घर मिळालें तें फिनलंडांत, 'फिनर्ग' या लेबलाखालीं, जेथें कार्बन बेस्ड आणि अ‍ॅलेक साहाला यांनीं या शाखेला तिची सर्वांत विलक्षण फळें आणलीं. दीर्घ हिवाळ्यांत, दिवसाचे थोडेच तास उजेड असतांना, मिनिटास १७५ ठोक्यांचें संगीत रचणाऱ्या या माणसांना पैसा मिळण्याची आशा फारशी नव्हतीच.

आतां 'एकच ठोका' या आक्षेपाकडे वळूं. हा आक्षेप केवळ आपल्या रसिकांचा नाहीं. तो एका राष्ट्राच्या कायद्यांत छापून निघालेला आहे. मे १९९२ मध्यें वुस्टरशायरमधील कॅसलमॉर्टन येथील गायरानावर हजारों तरुण जमले आणि आठवडाभर नाचले. इंग्लंडचें वर्तमानपत्री जग त्यामुळें हादरलें, आणि १९९४ सालीं जो फौजदारी कायदा झाला त्याच्या ६३ व्या कलमांत, रात्रीं उघड्यावर शंभर माणसें जमून मोठ्यानें संगीत वाजवूं लागल्यास त्यांना हुसकून लावण्याचा अधिकार पोलिसांना देण्यांत आला. ही शंभरांची संख्या पुढें २००३ च्या कायद्यानें वीसवर आणली. शेजाऱ्यांच्या झोपेसाठीं कायदा करण्यास माझी हरकत नाहीं. वर मीं सही देऊं केलीच आहे. पण या कलमांत संगीताची व्याख्या करतांना, ज्या आवाजांत मुख्यत्वें एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके असतात त्यांचा खास उल्लेख केलेला आहे. म्हणजे पार्लमेंटनें सौंदर्यशास्त्रांत हात घातला! उपद्रव मोजावयाचा तर तो डेसिबलांनीं मोजावा. त्याला लयीचा प्रकार विचारण्याचें कारण काय?

पुनरावृत्ति म्हणजे दारिद्र्य हें मत ज्या देशांत तबला वाजतो त्या देशांत तरी टिकूं नये. स्वतंत्र तबलावादनांत सारंगी किंवा पेटी एकच लेहरा पाऊण पाऊण तास फिरवीत राहते. तो सारंगीवाला कल्पनाशून्य आहे असें आपण म्हणतों काय? तो मोजपट्टी धरून बसला आहे हें आपल्याला समजतें, म्हणून आपण त्या पट्टीकडे न पाहतां तिच्यावर काय मोजलें जात आहे तें पाहतों. ज्ञानोबा-तुकाराम हा गजर शेंकडों वर्षें त्याच दोन नांवांचा आहे, आणि वारींत चालणाऱ्याच्या पायांना तो कधीं जुना वाटत नाहीं. हार्ड ट्रान्समधला ठोका हा लेहरा आहे. त्याच्या वर दर सोळा किंवा बत्तीस आवर्तनांनीं कांहीं तरी येतें, कांहीं तरी जातें: एखादी झांज, खर्जाची एखादी नवी खुबी, स्वरावलींतला एखादा अधिक स्वर. १५० च्या लयींत चार मात्रांचीं बत्तीस आवर्तनें म्हणजे सुमारें ५१ सेकंद. १७० च्या लयींत ४५. ज्याला या अवधींत काय बदललें तें ऐकूं येत नाहीं त्यानें तो दोष संगीताच्या पदरांत घालण्यापूर्वीं थोडें थांबावें. पाश्चात्य श्रोता आपला ख्याल प्रथम ऐकतो तेव्हां त्यालाहि एकच ओळ तासभर ऐकल्यासारखी वाटते, आणि आपण त्याच्या अज्ञानाला हसतों.

आतां मुख्य मुद्दा, दुसऱ्यांच्या तबकड्यांचा. येथें डीजेचे मित्र जी वकिली करतात ती मला त्याच्या शत्रूंच्या आरोपांइतकीच अमान्य आहे. मित्र म्हणतात, 'अहो, त्याच्या हातांतलें कसब तरी पाहा!' कसब आहे, यांत संशय नाहीं. टेक्निक्स कंपनीचें एसएल-१२०० हें चक्रयंत्र १९७२ सालीं निघालें. १९७९ च्या सुधारलेल्या नमुन्यांत वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक करण्यासाठीं एक सरकती दांडी बसविली. अशीं दोन चक्रें, मध्यें मिक्सर, एका कानावर हेडफोन आणि दुसरा कान दिवाणखान्यांत वाजणाऱ्या तबकडीकडे, असा हा गृहस्थ उभा असतो. दोन तबकड्यांचे वेग जुळवावयाचे ते कानानें. १७० च्या लयींत अर्ध्या टक्क्याची चूक राहिली तर बत्तीस आवर्तनांत, म्हणजे पाऊण मिनिटांत, दोन ठोके अर्ध्या मात्रेहून अधिक सरकतात आणि दोन घोड्यांच्या टापा वेगवेगळ्या ऐकूं येऊं लागतात. शिवाय वेग वाढविला कीं सूरहि चढतो. आठ टक्के वाढविल्यास काळी एकचें गाणें पांढरी दोनच्याहि किंचित् वर जातें. तेव्हां लय जुळली तरी षड्ज जुळतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. हें सर्व शिकण्यास मला दोन वर्षें लागलीं आणि शेजाऱ्यांना तितकाच काळ तें सोसावें लागलें.

पण हाताचें कसब हा कलेचा पुरावा नव्हे. आज एक बटन दाबलें कीं यंत्र दोन गाण्यांची लय आपोआप जुळवून देतें, आणि सूर न हलवितां वेग बदलून देतें. ज्यांनीं आपली सारी प्रतिष्ठा लय जुळविण्यावर उभारली होती ते जुने डीजे त्या बटनाला शिव्याशाप देत बसले आहेत. टेक्निक्सचें तें यंत्र २०१० सालीं बंद झालें तेव्हां त्यांनीं सुतक पाळलें, आणि २०१६ सालीं पुन्हां निघालें तेव्हां पेढे वांटले. माझ्याच पंथांतल्या या मंडळींना मला सांगावयाचें आहे कीं, जें काम बटनानें होतें तें बटनानें खुशाल होऊं द्यावें. पुस्तक हातानें नकलून काढणारे लेखक मुद्रणयंत्रानें गेले; ग्रंथसंपादक गेला नाहीं.

गोव्याची गोष्ट सांगावयाची ती येथेंच. हणजूणच्या किनाऱ्यावर १९९० च्या आगेंमागें जे डीजे वाजवीत, त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं तबकड्या वापरल्याच नाहींत. उन्हानें तबकडी वांकते, धुळीनें सुई अडखळते. म्हणून ते कॅसेटी आणि पुढें डॅट फिती वापरीत. या फितींचा वेग बदलण्याची सोय नव्हती. म्हणजे लय जुळविण्याचें जें कसब लंडनमध्यें डीजेची पहिली परीक्षा मानलें जाई, तें गोव्यांत जवळजवळ नव्हतेंच. एक फीत संपत आली कीं तिच्या शेवटच्या पसरट सुरावटींत दुसरीची सुरुवात हलकेच मिसळावयाची, एवढेंच. आणि तरीहि २०२३ सालीं वारलेल्या गोवा गिलसारख्या माणसाच्या रात्रींसाठीं देशोदेशींचे लोक हजारों मैलांवरून येत. कशासाठीं येत? बोटांची कसरत पाहण्यासाठीं खास नव्हे. कोणत्या वेळीं कोणती फीत लावावी, मध्यरात्रीं काय आणि सूर्य उगवतांना काय, या निवडीसाठीं येत.

निवड हें डीजेचें काम आहे, आणि निवडीला कमी लेखण्याचा अधिकार मराठी वाचकाला तरी पोंचत नाहीं. परशुरामपंत गोडबोले यांनीं १८५४ सालीं 'नवनीत' काढलें त्यांत कविता सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या. पण कित्येक पिढ्यांना मोरोपंत, मुक्तेश्वर, वामन हे भेटले ते त्या पुस्तकाच्या पानांतून. काय घेतलें आणि काय वगळलें यानें महाराष्ट्राची काव्यरुचि घडविली. पंडित भातखंडे यांनीं घराण्याघराण्यांतून चिजा मिळवून 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग सिद्ध केले. त्यांना 'दुसऱ्यांच्या चिजा लिहून घेणारा' म्हणून हिणविणें आज कोणाला सुचेल? माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून सांगतों: टर्नमिल्समधला डीजे आणि भातखंडे यांची योग्यता एक आहे असें मी म्हणत नाहीं. कामाची जात एक आहे, एवढेंच म्हणतों.

ही निवड कशी होई तेंहि ऐका. उत्तर इंग्लंडांतील ज्या दुकानांत मी जात असें तेथें नव्या तबकड्यांचा गठ्ठा आठवड्यांतून एकदां येई. कित्येकींच्या मधल्या कागदावर कांहींच छापलेलें नसे. उभ्या उभ्या हेडफोन लावून ऐकावयाचें. पन्नास ऐकाव्या तेव्हां दोन घरीं न्याव्याशा वाटत, आणि पगार पाहतां एकच नेतां येई. काउंटरमागचा माणूस गिऱ्हाइकाचा चेहरा ओळखून एखादी तबकडी खालून काढी. मग ती घरीं शंभरदां ऐकावयाची: हिचा विराम कोठें, षड्ज कोणता, हिच्या पुढें काय शोभेल, मागें काय. आणि शनिवारीं ती लावल्यावर चौक रिकामा झाला तर तो अपमान चारचौघांत उभें राहून गिळावयाचा. समीक्षक चुकला तर पुढच्या अंकांत सारवासारव करतो. डीजेला तेवढीहि सवड नसते.

आतां हें सगळें इतक्या लहान शाखेसाठीं कशाला, हा प्रश्न उरतो. मोठ्या प्रवाहाला डीजेची गरज कमीच असते. जें गाणें दर दुकानांत वाजतें त्याची आठवण ठेवण्यास कोणी नेमावा लागत नाहीं. पण ज्या संगीताच्या तबकड्या थोड्याच निघाल्या, ज्यांचीं लेबलें पांच-दहा वर्षांत मिटलीं, ज्यांचा उल्लेख वर्तमानपत्रांनीं केला तो चेष्टेसाठीं, त्यांचें ग्रंथालय म्हणजे तबकड्या लावणाऱ्यांच्या घरांतलीं कपाटें. या शतकाच्या पहिल्या दशकांत तबकड्यांचा व्यापार ढासळला. संगीत फायलींच्या रूपानें विकलें जाऊं लागलें. बीटपोर्ट हें त्याचें मोठें दुकान २००४ सालीं उघडलें. त्यानें डीजेचें ओझें हलकें झालें, हें मी कबूल करतों. पण तबकडी कपाटांत तीस वर्षें स्वस्थ पडून राहते. फाईल मात्र संगणक बिघडला कीं जाते. फ्रीफॉर्मच्या उत्तरकाळांतल्या कित्येक रचना तबकडीवर कधीं आल्याच नाहींत. त्या वाजविणारे वीस-पंचवीस लोक कंटाळले तर ती शाखा कोणी बुडविली नाहीं तरी बुडेल. मोडी कागदांचीं रुमालें आपल्याच वाड्यांच्या माळ्यांवर कशीं गेलीं हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगणें नको.

यावर आधुनिक मनुष्य म्हणतो कीं हें काम आतां यंत्रच करतें. आपण काय ऐकलें तें पाहून पुढें काय ऐकावें तें तें सुचवितें. सुचवितें खरें. पण तें सुचवितें तें आपण ऐकलेल्याच्या शेजारचें. ज्याला गोड आवडलें त्याला अधिक गोड. हॅपी हार्डकोअर ऐकणाऱ्या तरुणासमोर शार्कीनें एके रात्रीं काळोखी, शब्दहीन, अनोळखी तबकडी ठेविली ती त्याला आवडेल या हिशोबानें नव्हे. त्यानें ती ऐकलीच पाहिजे या हट्टानें. असा हट्ट धरण्यास ज्याचा अपमान होऊं शकतो असा कोणी तरी तेथें उभा असावा लागतो.

डीजेची बाजू मीं येथवर मांडली. आतां त्याच्यावरचा माझा आरोप. गेल्या कांहीं वर्षांत युरोपच्या मोठमोठ्या उत्सवांतून जलद ट्रान्स पुन्हां वाजूं लागलें आहे. १९९३ सालच्या स्वरावली, १९९९ सालचे ठोके, वर नवा रंग. जमणाऱ्या मुलांपैकीं अनेकांचा जन्महि तेव्हां झाला नव्हता. त्यांना तें नवें वाटावें यांत त्यांचा दोष नाहीं, आणि जुनें संगीत पुन्हां पायांखालीं आलें याचा मला आनंदच आहे. राग येतो तो नांवें गिळणाऱ्यांचा. अशाच एका मोठ्या उत्सवांत मीं एक जुनी हार्ड ट्रान्सची तबकडी ऐकली. चाल तीच, विराम तोच, फक्त ठोका बदललेला. आणि पडद्यावर नांव झळकलें तें वाजविणाऱ्याचें, त्याची नवी रचना म्हणून. मूळ रचणाऱ्याचा उच्चार कोठेंहि नव्हता.

ही खोड जुनी आहे. जमेकांत १९५० च्या सुमारास ध्वनिवर्धकांचे फड चालविणारे मालक प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागूं नये म्हणून अमेरिकन तबकड्यांवरचीं नांवें खरडून टाकीत. उत्तर इंग्लंडांतील नॉर्दर्न सोलचे डीजे १९७० नंतर दुर्मिळ तबकडीवर कोरा कागद डकवून तिला खोटें नांव देत. आपल्याकडे चीज गातांना अस्ताईचे बोल मुद्दाम अस्पष्ट करणारे आणि अंतरा शिष्यापासूनहि लपविणारे उस्ताद होऊन गेले. भातखंड्यांची अर्धी लढाई त्या वृत्तीशींच होती. लपविणाऱ्यांपाशीं सबब नेहमीं एकच: मीं शोधून काढली, म्हणून ती माझी. शोधून काढणाऱ्याचा मान मी वर इतकीं पानें खर्चून मागितला आहे. पण शोधलेल्याचें नांव सांगितलें तरच तो मान त्याला पोंचतो. नांव दडपलें कीं निवड करणारा आणि चोर यांत फरक करण्याचें साधनच उरत नाहीं, आणि 'दुसऱ्यांच्या तबकड्या' हा आपल्या रसिकाचा टोमणा शब्दशः खरा ठरतो.

यांत केवळ मानाचाच प्रश्न नाहीं. इंग्लंडांत संगीत वाजविणाऱ्या जागांकडून परवान्याची फी घेऊन ती रचना करणाऱ्यांना वांटण्याचें काम १९१४ सालीं स्थापन झालेली परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. काय वाजलें हें कळलें तरच पैसा योग्य हातीं जातो. न कळलें तर तो ज्यांचीं नांवें आधींच सर्वांना ठाऊक आहेत त्यांच्याकडे वाहण्याचा संभव अधिक. तेव्हां उत्सवांच्या चालकांना आणि डीजे मंडळींना माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, रात्र संपल्यावर वाजविलेल्या प्रत्येक तबकडीचें, तिच्या रचनाकाराचें आणि लेबलाचें नांव त्यांनीं प्रसिद्ध करावें, आणि जुन्या रचनेवर नवा रंग चढविला असेल तर मूळ रचना कोणाची तें प्रथम लिहावें. सहा तासांच्या रात्रींत अशा शंभर-सव्वाशें तबकड्या होतील. उपाहारगृहाची दरपत्रिका, मोटारी लावण्याचे नियम आणि दिव्यांची योजना करणाऱ्या कंपनीचा शिक्का यांसाठीं जेवढा कागद हल्लीं खर्च होतो, त्यांतलीं दोन पानें या यादीला पुरतील.